डॉक्टरीणबाईंचं हॉल तिकीट

१

शुक्रवारी सकाळी पावणेसात वाजता शेजारच्या सीमानं माझं दार वाजवलं. माझं दार सहसा कुणी वाजवत नाही. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, पेपरवाला लांबूनच फेकतो. त्यामुळे मी आधी दचकलो, मग चिडलो आणि मग दार उघडलं.

"आण्णा, माझं हॉल तिकीट गेलं."

मी हौसराव. दौंड जंक्शनवर एकतीस वर्षं टी.सी. होतो. बिनतिकिटाचा माणूस डब्यात चढला की मला त्याच्या पाठीवरून कळायचं. त्या पुण्याईवर गल्लीतली माणसं कोंबडी हरवली, सायकल हरवली, की माझ्याकडे येतात. नुसतं चहाला म्हणून कुणी येत नाही, पण ते असो.

सीमा रशियातून डॉक्टरी शिकून आलेली. परदेशात शिकलेल्याला इथं औषधाची चिठ्ठी लिहायची तर दिल्लीला एक परीक्षा पास व्हावी लागते. दोनदा ती नापास झाली होती. गल्ली तिला तोंडावर डॉक्टरीणबाई म्हणायची आणि पाठ फिरली की हसायची. ही तिसरी खेप, आणि तिनं स्वतःशी ठरवलं होतं की हीच शेवटची. नाही जमलं तर वरवंडला एका मेडिकल दुकानात काउंटरला उभं राहायचं. तिथं ती बोलूनही आली होती.

दुसऱ्या खेपेचं तिनं मला एकदा सांगितलं होतं. परीक्षेच्या दारात तपासणी असते. अंगावर धातू चालत नाही. तिच्या बोटात आईची अंगठी होती, ती निघेना. शेवटी तपासणाऱ्या बाईनं नळाखाली साबण लावून ती काढली. त्यात हातातलं हॉल तिकीट भिजलं, शाई फुटली, वाद झाला आणि ती वीस मिनिटं उशिरा आत गेली. चार मार्कांनी गेली.

"अभ्यास झालाय, आण्णा," ती म्हणाली. "मला फक्त त्या दारातून नीट आत जायचंय."

परीक्षा रविवारी सकाळी. दिल्लीची गाडी आजच, शुक्रवारी संध्याकाळी सातला.

२

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी सीमाच्या आईचा, ललितावहिनींचा फोटो. खाली खिळ्यांना सीमाची दहावीची मार्कलिस्ट, गॅसचं कार्ड, वहिनींच्या मृत्यूचा दाखला, सगळं कडक प्लास्टिकात बंद. सीमाचे वडील बबनराव रेल्वेच्या ऑफिसात रेकॉर्ड सांभाळायचे. कागद म्हणजे त्यांचा जीव.

खिडकीपाशी टेबल. त्यावर सीमानं परीक्षेच्या दारात लागेल तेवढंच ओळीनं मांडलं होतं. पासपोर्ट, दोन फोटो, निळं पेन. बाजूला बटणाची पारदर्शक फाइल. फाइलचं बटण लावलेलं होतं. आत इंग्रजीतली सूचनांची दोन पानं होती, पण ज्याच्यासाठी ती पानं होती ते हॉल तिकीट नव्हतं.

मी सूचनांची पानं उजेडात धरली. वरच्या कोपऱ्यात पिनेची दोन भोकं होती, कागद कुठं फाटला नव्हता. पिन टेबलाच्या कडेला पडली होती. तिचे दोन्ही पाय सरळ केलेले होते.

"शेवटचं कधी पाहिलंस?"

"काल दुपारी. स्वराज आला होता शिरूरहून, माझ्या बॅचचा. आम्ही तपासणीची प्रॅक्टिस केली. तो गार्ड झाला, मी उमेदवार. घरात लाईट नव्हती म्हणून अंगणात केली." ती थांबली. "कानातलं काढ, क्लिप काढ, घड्याळ काढ, रुमाल झटक. तीनदा केलं. पाचला तो गेला. मी हॉल तिकीट फाइलीत ठेवलं आणि पडले. सकाळी बघते तर हे."

बोलता बोलता ती गाद्या उलट्या करत होती. तिची आत्या रंगुबाई स्वयंपाकघरात डबे उपसत होती. बबनराव खुर्चीत बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"आण्णा, दिल्लीला फोन लावा," ते मला म्हणाले. "दुसरं देत्यात का इचारा."

"आत्या, बाबांना सांग, ऑफिस दहाला उघडतं," सीमा म्हणाली.

"ती म्हणती, हापिस धाला उघडतंय," रंगुबाईंनी पाच फुटांवरच्या भावाला निरोप दिला.

या घरात हे असंच चाले. वहिनी गेल्या तेव्हा सीमा रशियात होती आणि तिची शेवटची परीक्षा चालू होती. बबनरावांनी तिला कळवलं नाही. अकरा दिवसांनी, पेपर संपल्यावर फोन केला. ती परत आली, पण त्यानंतर तीन वर्षं बापलेक एकमेकांशी आत्याच्या तोंडून बोलत होते.

दहाला फोन लागला. दुसरं हॉल तिकीट मिळेल, पण नेटवरून नाही; उमेदवारानं शनिवारी चारच्या आत दिल्लीच्या ऑफिसात हजर राहायला हवं. सीमाची गाडी दिल्लीला पोचणार शनिवारी रात्री.

म्हणजे तेच हॉल तिकीट संध्याकाळी सातच्या आत सापडायला हवं होतं.

३

रंगुबाईंना मी अंगणात गाठलं. भावाची बायको गेल्यापासून हे घर त्याच चालवतात. जिभेला हाड नाही, पण मन वाईट नाही.

"रंगूताई, घरात कोण येणार आहे?"

त्यांच्या हातातला तांब्या खाली आला. "तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. सीमा आज निघणार, मागं राहणार दोघं. दोघांना कुणी तीन किलो पोहे आणत नाही. डबे तुम्हीच उपसताय, मला दिसतात की."

"इनामगावची मानसं येनार हायती," त्या हळूच म्हणाल्या. "पोरगा शाळंवर मास्तर हाय. सीमा चार दिसांत येईल, मंग पुन्हा बोलवू, असं मी म्हनले व्हते. पर त्यांना हाच रविवार पायजेल. मी म्हनलं, पोरीचा फोटू दाखवू, मानसं घर तरी बघतील."

"आणि सीमा घरीच राहिली असती तर आणखी बरं?"

 मग त्यांचे डोळे भरून आले. "आण्णा, तिची परिक्षा बुडवून मी तिचं लगीन लावंन व्हय? पोरीला सा वर्सं बर्फात ठिवली ती काय पोहे द्यायला?"

मला माझीच लाज वाटली. पण संशय लाज बघून थांबत नाही.

"काल संध्याकाळी घरात कोण कोण होतं?"

"मी आन् सीमा. ती निजली व्हती. दादा साडेपाचला घड्याळाचा सेल आनाय गेला, तो पावनेआठला आला. जेवला बी न्हाई. मला वाटलं, लेकीला सोडायचं म्हनून जीवाला लागलं आसंल."

"आणि स्वराज?"

"तो बी लय गप गप व्हता. जाताना सीमाच्या डोक्यावर हात ठिवला त्यानं, थोरल्या भावागत. म्हनला, तू तरी जा."

तू तरी जा. मी सरळ एसटी स्टँड गाठला. फोनवर माणसाचा चेहरा दिसत नाही आणि मला चेहरेच वाचता येतात.

४

शिरूरला बस साडेअकराला पोचली. स्वराज कवठे येमाईचा. आजा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा, बाप, ज्याला सगळे आबा म्हणतात, तो बागायत करतो आणि हा घरातला पहिला डॉक्टर. निदान गावाला तसं वाटत होतं. शिरूरमध्ये एका खाजगी दवाखान्यात तो मदतनीस होता. पट्ट्या बांधायचा, रक्तदाब बघायचा, औषध मात्र लिहू शकत नव्हता.

मला बघून त्यानं हातमोजे काढले. मला दवाखान्यामागच्या जिन्यावर नेलं.

"सीमाचं हॉल तिकीट गेलंय," मी म्हणालो.

त्याचा चेहरा खरोखर उतरला. नाटकी माणसाचा चेहरा आधी ताठ होतो, मग उतरतो. याचा सरळ उतरला.

"तू अजून कामावर दिसतोस," मी म्हणालो. "संध्याकाळची गाडी तुझीही आहे ना?"

त्यानं जिन्याच्या दाराकडे एकदा बघितलं. मग पाकिटातून एक घडी काढली. त्याचंच हॉल तिकीट. मधोमध फाडलेलं.

"मी जाणार न्हाई, आण्णा. चारदा झालं. आबांना सांगितलंय, दिल्लीला चाललोय म्हणून. पुण्यात लॉजवर तीन दिवस काढणार आन् परत येणार. गावातून निघताना आबा सगळ्यांच्या देखत पिशवी उचलून फाट्यापर्यंत आले. त्यांना काय सांगू?"

"काल सीमाला सांगितलंस?"

"न्हाई. ती इतक्या मनापासून कानातलं काढत होती. मी गार्ड झालो, एवढंच मला जमत होतं." तो फाडलेल्या तुकड्यांकडे बघत होता. "मला तिचं तिकीट कशाला पाहिजे? मला तर माझंच झेपंना."

मी त्याच्या जवळ बसलो. त्या जिन्यावर दुपारी कुणी येत नसावं, पायऱ्यांवर धूळ होती. आबांना खरं सांग, असं मी म्हणालो. तो मान हलवत राहिला, पण ऐकत नव्हता. एवढ्या माणसांत राहून हा पोरगा केवढा एकटा पडला होता, ते मला तिथं कळलं.

त्याच्या तुकड्यांवर खाली मला कोरी जागा दिसत होती. निघताना मी एकच विचारलं. "त्या हॉल तिकिटावर रिकामी जागा कसली असते?"

"खाली दोन चौकोन असतात. एकात सही, एकात अंगठा. परीक्षेच्या हॉलमध्ये साहेबांसमोरच करायचं. आधी केलं तर बाद. सूचनांच्या पानावर पहिलीच ओळ हाय ती."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो आणि काष्टी येईपर्यंत मला चोर सापडला होता.

५

वाचकहो, मला जेवढं दिसलं तेवढं तुम्हालाही दिसलंय. फक्त ओळीनं लावायचं.

सीमाचं वाईट व्हावं असं वाटणाऱ्यानं पासपोर्ट उचलला असता. तो पुन्हा काढायला महिने जातात. शेजारीच पडलेला होता, पण त्याला हात लागला नाही. म्हणजे नेणाऱ्याला परीक्षा बुडवायची नव्हती.

घाईतला चोर कागद ओढतो, कोपरा फाटतो. इथं कुणीतरी पिनेचे पाय नखानं सरळ करून कागद सोडवला होता, आणि जाताना फाइलचं बटणही लावलं होतं. आयुष्यभर कागद हाताळलेला माणूस असं करतो. आणि त्याला तो कागद सपाट, बिनपिनेचा, एकटा हवा होता. सपाट एकटा कागद कशात घालतात? भिंतीवर खिळ्यांना ते लटकतच होतं.

सूचनांची पानं मागं राहिली, कारण ती इंग्रजीत होती. सही कुठं नि कधी करायची ते नेणाऱ्याला ठाऊकच नव्हतं. स्वराजला ठाऊक होतं, म्हणून स्वराज सुटला. रंगूताईंना तर कागदपत्रांची कधी पर्वा नव्हती.

आता वेळ. त्या आठवड्यात दौंडला दुपारी दोन ते साडेसहा लाईट जायची. घड्याळाचा सेल कोपऱ्यावरच्या दुकानात दोन मिनिटांत मिळतो. त्यासाठी साडेपाचला गेलेला माणूस पावणेआठला कसा येतो? तो लाईटवर चालणाऱ्या कुठल्यातरी मशीनची वाट बघत बसला असेल तर येतो.

आणि शेवटचं. घरात सगळे शोधत होते. एकच माणूस शोधत नव्हता. हरवलेली वस्तू कुठं आहे हे ज्याला माहीत असतं, तो गाद्या उलट्या करत नाही.

अडीचला मी दौंडला उतरलो. स्टेशनसमोर पप्पूचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला मी विचारलंसुद्धा नाही. मला बघून तोच म्हणाला, "आण्णा, बबनकाका कुठं हायत? काल लय वंगाळ तोंड करून गेले."

रेल्वेतला माणूस तोंड लपवायला कुठं जातो ते मला माहीत होतं. बबनराव प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला, जिथं मालगाडीशिवाय काही थांबत नाही, त्या बाकावर बसले होते. मी शेजारी बसलो. त्यांनी शर्टाच्या आतून हॉल तिकीट काढलं.

सुंदर लॅमिनेशन केलं होतं. कडा एकसारख्या कापलेल्या, एक बुडबुडा नाही. आणि खालचे दोन रिकामे चौकोन प्लास्टिकखाली कायमचे बंद.

"मागल्या टायमाला भिजलं व्हतं तिचं," बबनराव म्हणाले. "आत्यापाशी रडत सांगत व्हती, मी आतून ऐकलं. म्हणलं, औंदा पानी पडू दे, घाम येऊ दे, कायबी हूं दे. लाईट यायची वाट बघत बसलो. मशीनीतनं निघालं तवा लय झ्याक दिसलं, आण्णा. मग पप्पूच म्हणला, काका, ही चौकोनं कशापायी रिकामी हायती? त्यानं वाचून दाखवलं."

"सोडवता नाही येत?"

"त्यानं एक कडा वढून बघितली. शाई बी संगं यायला लागली."

"मग रात्रीच सांगायचं होतं."

"सकाळी सांगू म्हणलं, आजची रात तरी झोपू दे तिला. सकाळी ती शोधाय लागली, आन् मग तोंडच उघडंना." त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तिच्या आईच्या येळंला बी हेच म्हणलं व्हतं मी. पेपर हू दे, तवर झोपू दे तिला."

६

पुन्हा दिल्लीला फोन. या वेळी दुसऱ्या बाई होत्या, जरा माणुसकीच्या. मूळ कार्ड हातात आहे ना, मग रविवारी सकाळी सातला केंद्रावर या, म्हणाल्या. पासपोर्ट आणा, फोटो आणा आणि ज्यानं हे केलं त्याचा लेखी जबाब त्याच्या सहीनिशी आणा. तो माणूस बरोबर असला तर उत्तम. केंद्रावरचे साहेब ठरवतील.

मी हे घरात सांगितलं. सीमानं ते प्लास्टिकमधलं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती टेबलाशी बसली आणि कोरा कागद ओढला.

"आत्या, बाबांना सांग, मराठीत सांगा. मी इंग्रजी करते."

"ती म्हनती..." रंगुबाईंनी सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. मग त्या उठून चुलीकडे गेल्या. म्हणाल्या, "मला चहा ठिवायचाय. तुमचं तुमी बोला."

 बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत होते.

"लिही," बबनराव म्हणाले. "मी बबन, रिटायर रेल्वे. माझ्या मुलीचं कार्ड मी तिला न इचारता नेलं. खराब हू नये म्हणून. तिचा यात कायबी दोष न्हाई."

पेन चालत होतं.

"चूक कळल्यावर बी मी सांगितलं न्हाई. वाईट बातमी दाबून ठिवायची मला खोड हाय. हिची आई वारली तवा बी मी हिला अकरा दिस..."

पेन थांबलं.

"हे त्या दिल्लीच्या साहेबांना कशाला सांगायचं?" सीमा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"मग कुणाला सांगू?"

"मला सांगा ना, बाबा. मला कधी सांगितलंच नाही तुम्ही. शेवटी काय म्हणाली ती? कोण होतं जवळ?"

मी उठलो. ते ऐकणं माझं काम नव्हतं. रंगूताई आत पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि चहा उतू जात होता. मी माझ्या खोलीत येऊन दार लावलं आणि बसून राहिलो. भिंत पातळ आहे. शब्द कळत नव्हते, पण दोन आवाज साडेसहापर्यंत चालू होते. आमच्या घरात शेवटचे दोन आवाज कधी होते ते मी आठवत बसलो.

सातच्या गाडीला बापलेक दोघंही गेले. बबनरावांचं रिझर्वेशन नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका टी.सी.च्या हातापाया पडून बिनरिझर्वेशनचा माणूस डब्यात बसवला.

रविवारी साडेआठला माझा फोन वाजला. सीमाच्या मोबाइलवरून बबनराव बोलत होते. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तो त्यांच्याकडे होता.

"आण्णा, घेतलं तिला आत. साहेबानं कागद वाचला, दोनदा वाचला. मला समोर बोलवून इचारलं, ये आपने किया? मी म्हणलं, हां साब, मैंनेच किया. मग त्यांनी दुसऱ्या कागदावर तिची सही, अंगठा घेतला. कानातलं नव्हतं, क्लिप नव्हती, काय काढायचंच ऱ्हायलं न्हवतं. एका मिनिटात आत गेली. जाताना मागं वळून म्हणली, बाबा, जेवून घ्या."

"तुम्हाला म्हणाली? थेट तुम्हाला?"

"मलाच की."

"मग आता?"

"आता दुपारपतुर बसायचं हितंच. लय बाप हायत, आण्णा. पार फुटपाथभर. सगळी वेगवेगळ्या मुलखातली. मांडीवर पिशव्या घेऊन बसल्यात. पर कुनी कुनाशी बोलत न्हाई."

"मग तुम्ही बोला," मी म्हणालो.

"मी?"

"हो. तुम्हीच."

त्यांनी फोन कानावरून काढला. फोन कसा बंद करायचा ते त्यांना माहीत नसावं, कारण तो चालूच राहिला. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, कुणीतरी चणे विकत होतं. मीही फोन ठेवला नाही. मग जरा लांबून, कुणा अनोळखी माणसाला विचारलेला बबनरावांचा आवाज आला.

"भाईसाब, आपका कौन है अंदर? लडका, या लडकी?"